झाकणांची लागवड

मिरोस्लावाने रायसाबाईंच्या मळ्यात पहिल्यांदा धातुशोधक यंत्र धरलं आणि ते किंचाळलं. तिने एक पाऊल डावीकडे सरकून पुन्हा धरलं. पुन्हा किंचाळलं. उजवीकडे धरलं, पुढे धरलं, तरी तेच. तिने बॅटरी काढून परत घातली आणि यंत्र स्वतःच्या तळहातावर धरून पाहिलं, तेव्हा ते गप्प बसलं. म्हणजे यंत्र ठीक होतं. खोट जमिनीत होती.

हेल्मेटची जाड काच वर करून तिने लाल-पांढऱ्या फितीकडे पाहिलं. फितीपलीकडे सगळं होरिखीव्का गाव उभं होतं, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

"आजी," तिने विचारलं, "तुमच्या मळ्यात आहे तरी काय?"

"झाकणं," रायसाबाई म्हणाल्या.

"कसली?"

"बरण्यांची. काकडीच्या लोणच्याची, टोमॅटोची, थोडी मुरंब्याची."

"किती आहेत?"

रायसाबाईंनी उभा जन्म गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आकडा विचारला असता शब्दात उत्तर देणाऱ्या पोरांना त्या बाकावर उभं करत. "पुष्कळ," असं म्हणताना त्यांना मनापासून लाज वाटली.

सुरुंग काढणाऱ्यांचा नियम सरळ होता. यंत्र वाजेल तिथे सुरुंग आहे असं धरून चालायचं आणि तो नाही हे डोळ्यांनी दिसेपर्यंत खणायचं. मिरोस्लावा पोटावर आडवी झाली आणि छोट्या थापीने बाजूकडून माती ओढू लागली. मग ब्रश. मग पुन्हा थापी. सकाळ त्यातच गेली. गर्दीतून फक्त टरफलं थुंकल्याचे बारीक आवाज येत होते. अखेर तिने गंजलेली एक चकती दोन बोटांत धरून वर केली.

"काकडी!" कोणीतरी ओरडलं.

"कसली काकडी! कड बघ, पिवळी आहे. टोमॅटोचं आहे ते," क्लावा म्हणाली. क्लावा म्हणजे रायसाबाईंची शेजारीण. वयाने त्यांच्याहून थोडी मोठी आणि आवाजाने पुष्कळच मोठी.

"क्लावाकाकू, तुम्हाला मोतीबिंदू आहे. इतक्या लांबून कड दिसली?"

"माझं झाकण मी आंधळी झाले तरी ओळखीन."

"तुमचं झाकण बाईंच्या मळ्यात काय करतंय?"

"तिला कमी पडली म्हणून दिली होती. टोपलीभर. अजून परत दिली नाहीत."

मिरोस्लावाने चकती बादलीत टाकली, वीतभर पुढे सरकली आणि यंत्र धरलं. ते किंचाळलं.

रायसाबाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. या वेगाने मळा मोकळा होईल तेव्हा त्या एकशे अकरा वर्षांच्या असतील. आणि त्यांच्याजवळ वेळ होता मेच्या पहिल्या शनिवारपर्यंत.

ती मुदत त्यांच्या मुलीने घातली होती. लारिसा युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात खारकीवहून पोलंडला गेली आणि पोझ्नानमध्ये सहाव्या मजल्यावर राहू लागली. आईने तिथे यावं म्हणून ती गेलं वर्षभर फोनवर रडून, चिडून, अबोला धरून झाली होती. शेवटी मार्चमध्ये दोघींचं ठरलं. ठरलं म्हणजे क्लावाच्या आणि गावप्रमुख अनातोलीच्या साक्षीने ठरलं, कारण सगळ्यांच्या फोनांत मिळून बाईंचा एकच फोन धड चालत होता आणि त्यावर बोलणं चाललं की गाव गोळा होई.

"आई, मळ्यात बटाट्याची लागवड झाली, बटाटे लागले तर राहा तिथे. मी पुन्हा तोंड उघडणार नाही," लारिसा पडद्यावरून म्हणाली होती. "पण नाही लागले तर सामान बांधायचं. बटाट्याशिवाय तू तिथे खाणार काय? आणि दिवसभर करणार काय? शनिवारी बसने येते मी. एक तर बघून परत जाईन, नाहीतर तुला घेऊन."

"लागतील," रायसाबाई म्हणाल्या होत्या. "या जमिनीत बटाटा लागला नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही."

खरं होतं ते. सामुदायिक शेती होती तेव्हा लागला, ती मोडली तेव्हा लागला, आणि मागच्या वर्षी वेशीवर परक्यांचे रणगाडे उभे असतानाही लागला. गावातल्या मुख्य रस्त्याचं नाव एवढ्या काळात तीनदा बदललं. एकदा सरकारने बदललं, एकदा घुसलेल्या सैनिकांनी जुनं परत लावलं, ते पळाल्यावर पुन्हा नवं आलं. लोक आपले त्याला "विहिरीचा रस्ता" म्हणत. पण बटाटा कधी चुकला नव्हता. मग मार्च संपता संपता मळ्यांच्या मागच्या शेतात एक ट्रॅक्टर सुरुंगावर गेला. चालवणारा वाचला, ट्रॅक्टर नाही. त्याच दुपारी शेतापासून घरांच्या पायऱ्यांपर्यंतची सगळी जमीन फिती लावून बंद झाली. दर पंधरा पावलांवर कवटीचं चित्र.

आता झाकणांबद्दल. ती रायसाबाईंची कल्पना होती, हे गाव विसरलं नव्हतं. महिन्याभरापूर्वीपर्यंत ते कौतुकाने आठवत असे.

गेल्या ऑगस्टात, बटाटे काढून मळे रिकामे पडले होते, तेव्हा सैनिक घरोघर फिरून शिकारीच्या बंदुका शोधू लागले. त्यांच्याजवळही असंच यंत्र होतं. गावात बंदुका दोनच होत्या, पण जमिनीखाली इतर बरंच होतं. अनातोलीची मोटरसायकल होती. क्लावाचे दुधाचे कॅन होते, आणि घरची दारू गाळायचं भांडं, जे तिच्या म्हणण्याप्रमाणे अस्तित्वातच नव्हतं. माणसं घाबरून बाईंकडे आली. गावात चाळिशीच्या पुढचं जवळजवळ प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून गेलेलं.

रायसाबाईंनी त्यांना पायरीवर बसवून समजावलं होतं. "शांत वर्गात एक जण कुजबुजला की मला ऐकू येतो. सगळा वर्ग ओरडत असेल तर? मग कुजबुजणारा सापडत नाही. आपण जमिनीला ओरडायला लावायचं. घरात जी जुनी झाकणं असतील ती मळ्यात टाका. कुठेही, कशीही."

होरिखीव्कात झाकण फेकून देणारं घर नव्हतं. लोखंडी पत्र्याचं झाकण एकदा बरणीवरून उचकटलं की ते पुन्हा बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळ्यांच्या माळ्यावर पोती भरून झाकणं होती, कधीतरी लागतील म्हणून. ती एकदाची लागली. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाने आपापल्या मळ्यात झाकणं पुरली.

सैनिकांनी दोन दिवस खणलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अधिकाऱ्याने पोतंभर झाकणं रस्त्यात ओतली आणि गाव गोळा केलं.

"हे जमिनीत कशाला घातलंय?" त्याने विचारलं.

 मग क्लावा पुढे झाली. "जमिनीत लोह कमी आहे, साहेब. टोमॅटो पिवळे पडतात."

अधिकाऱ्याने एक झाकण उचलून उलटसुलट करून पाहिलं. बंदूकवाला एक सैनिक मागून हळूच म्हणाला, "माझी आजी सफरचंदाच्या झाडाखाली खिळे पुरते." त्यावर अधिकाऱ्याने हात झटकले आणि सगळे निघून गेले. सप्टेंबरात ते कायमचेच पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अनातोलीने मोटरसायकल उकरून काढली, क्लावाने कॅन काढले. झाकणं कोण काढतंय? राहू दे, म्हणाले सगळे, लोह मिळेल जमिनीला.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिरोस्लावाच्या बादलीत मोजकीच झाकणं जमली होती. शेजारच्या मळ्यांतून तिचे दोन सहकारी परत आले. त्यांच्याही बादल्या तशाच होत्या. तिघं पायरीवर बसली. रायसाबाईंनी त्यांच्यापुढे बोर्शच्या, बिटाच्या सूपच्या, वाट्या ठेवल्या.

"आजी, मी पूर्वी जिथे काम केलं तिथे सुरुंग होते," मिरोस्लावा म्हणाली. ती पार दुसऱ्या टोकाची, तेर्नोपिलकडची. बोलताना शब्द लांबवायची, त्याची क्लावा दिवसातून दोनदा नक्कल करायची. "सुरुंगांची भीती वाटते, पण त्यांचं एक बरं असतं. ते संपतात."

"गावाला एक कुत्री देणार होते ना?" रायसाबाईंनी विचारलं. "धातू नाही, दारूगोळा हुंगणारी?"

"आहे ना. जिल्ह्यात एकच आहे. बाळंत झालीय."

त्या आठवड्यात गावाचे आणखीही हाल सुरू झाले. होरिखीव्कात प्रत्येक घराचा संडास मळ्याच्या टोकाला होता. हिवाळाभर, बर्फातून, चिखलातून सगळे तिथवर रोज जात होते आणि कोणाला काही झालं नव्हतं. आता नियमाप्रमाणे तिथे जाणं म्हणजे मृत्यूशी गाठ. घरापासून हाकेच्या अंतरावर आपलाच संडास दिसतोय आणि मध्ये कवट्या. गावात मोकळ्या जमिनीवरचा संडास एकच, जळालेल्या शाळेचा. सकाळी तिथे रांग लागे आणि रांगेत एकच विषय असे.

"बाईंचं डोकं चालतं हो," कोणी म्हणे. "इतकं चालतं की आपल्याला चालत इथपर्यंत यावं लागतं."

"बाई, पोरांना आतल्या आत काय वाटत असेल ते आज कळलं मला," दुसरा म्हणे. "हात वर करून उभं राहायचं आणि तुम्ही जाऊ द्यायचा नाहीत."

रायसाबाई ऐकून घेत. शुक्रवारी अनातोलीनेही मनातलं काढलं. तो गावप्रमुख असला तरी बाईंसमोर अजून टोपी काढूनच उभा राही.

"बाई, तुम्ही मला शाळेत तीन वर्षं पाचपैकी दोनच गुण दिलेत. मी काही म्हटलं नाही. पण आता हे गणित तुम्हीच घातलंय, तेव्हा तुम्हीच सोडवा. मेच्या दहापर्यंत बटाटा लागला नाही तर यंदाचं पीक गेलं. आणि तुमचा तर शनिवारच आहे."

"मला माहीत आहे माझा शनिवार, तोल्या."

"मी म्हणतो, लोहचुंबक. खारकीवच्या भंगारवाल्याकडे क्रेनचं मोठं चुंबक आहे. दोरीला बांधून मळ्यावरून फिरवायचं. झाकणं आपोआप वर."

मिरोस्लावा कुंपणाशी हात धूत होती. ती न वळताच म्हणाली, "काही सुरुंगांना चुंबक जवळ आलेलं कळतं. झाकणं वर येतील. बाकीचंही वर येईल."

"हे तुला आठवीत शिकवलं होतं," रायसाबाई अनातोलीला म्हणाल्या.

"आठवीत सुरुंग होते?"

"चुंबक होतं."

तो टोपी घालून निघून गेला. रायसाबाई घरात गेल्या आणि पलंगाखालून सुटकेस ओढून काढली. काय न्यायचं ते ठरवायला म्हणून ती उघडून त्यांनी शेजारी खुर्ची मांडली.  मग कोनाड्यातलं बटाट्याचं बियाणं, कोवळे कोंब फुटलेलं, पोझ्नानच्या सहाव्या मजल्यावर कुठे ठेवता येईल याचा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी सुटकेस परत ढकलून दिली.

बियाणं घेऊन त्या मागच्या पायरीवर येऊन बसल्या. एकेक बटाटा हातात घेऊन, लांबलेले कोंब मोडणार नाहीत अशा बेताने टोपलीत लावू लागल्या. समोर मळा होता. मिरोस्लावाने त्या दिवशी खणणं थांबवलं होतं. पथकप्रमुखाने फोनवरून सांगितलं होतं की आधी सगळा मळा यंत्राने पिंजून काढ, वाजेल तिथे बारीक पिवळं निशाण रोव, म्हणजे काम किती आहे ते तरी वर कळवता येईल. फळीवर पाय टाकत तिने दुपारपर्यंत निशाणं रोवली होती. वाऱ्याने ती सगळी एकाच बाजूला फडफडत होती.

रायसाबाईंनी चष्मा पुसला. मग उभ्या राहिल्या. मग पायरीवरून ओट्यावर चढल्या.

"क्लावा!" त्यांनी हाक मारली. "क्लावा, इकडे ये आधी!"

क्लावा कुंपणाजवळ आली. "काय झालं? भाजलीस?"

"ऑगस्टात माझ्या मळ्यात झाकणं कोणी पुरली? माझी कंबर धरली होती. तूच पुरलीस ना?"

"मी आणि तोल्याच्या बायकोने. का?"

"मी काय सांगितलं होतं? कुठेही, कशीही टाका. सांगितलं होतं की नाही?"

"मग टाकलीच ना कुठेही."

"हे कुठेही आहे?" रायसाबाईंचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "बघ! दोरी धरल्यासारख्या ओळी आहेत! दोन ओळींत दोन फूट, दोन झाकणांत एक फूट!"

पिवळी निशाणं खरोखरच ओळीत उभी होती, मळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. क्लावाने ती नीट न्याहाळली आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"छान आल्यात गं ओळी."

"अगं, पण कशीही म्हटलं होतं ना मी!"

"कशीही म्हणजे कशी, रायसे?" क्लावा आता चिडली. "जमिनीत काही कसंही घालतात का? माणसं आहोत की डुकरं? कुदळीने खड्डा केला, झाकण ठेवलं, पायाने दाबलं, पुढचा खड्डा. कोणी येऊन बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, या बाईच्या मळ्यात सगळं वाकडं?"

"अंधार पडताना कोण बघणार होतं?"

"मी बघत होते ना."

आरडाओरडा ऐकून लोक जमले. रायसाबाईंनी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी तसंच केलं होतं. एकाने तर प्रत्येक झाकण उपडं ठेवलं होतं, पाणी साचू नये म्हणून. सगळं गाव त्या संध्याकाळी बटाट्याच्या अंतराने, बटाट्याच्या खोलीवर झाकणं लावून आलं होतं, आणि हाताखालून गेलेल्या एकाही विद्यार्थ्याला यात काही चुकलं असं वाटत नव्हतं.

 मिरोस्लावा मात्र ओट्यावर बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि ओळींवरून नजर फिरवत होती, शाळेतली हजेरी घ्यावी तशी. एका जागी तिची नजर थांबली.

"आजी," ती हळू म्हणाली. "संडासाच्या पायवाटेजवळ. चौथी आणि पाचवी ओळ. मध्ये."

एक निशाण ओळीबाहेर उभं होतं.

"क्लावा," रायसाबाईंनी मागे न बघता विचारलं, "दोन ओळींच्या मध्ये एखादं झाकण घातलं होतंस?"

"मध्ये कशाला घालीन? मध्ये पाय ठेवायची जागा."

मिरोस्लावाने सगळ्यांना रस्त्यापलीकडे पाठवलं. या वेळी कोणी बिया नेल्या नाहीत. तिचे सहकारी आले, मग जिल्ह्याहून एक गाडी आली. खूप वेळाने त्यांनी वाळूच्या पेटीत घालून एक तोफगोळा नेला, शेपटीला पंख असलेला, हातभर लांबीचा. तो मातीत तिरका शिरून तिथेच राहिला होता. दूर शेतात नेऊन त्यांनी तो उडवला तेव्हा खिडक्यांवर ठोकलेलं प्लास्टिक फुगलं आणि पुन्हा खाली बसलं. रायसाबाई हिवाळाभर, अंधारात, हातात बादली घेऊन त्याच्या बाजूने गेल्या होत्या. दोनदा घसरल्याही होत्या.

"झाकणांच्या ओळी सरळ नसत्या तर मला तो शेवटी सापडला असता," मिरोस्लावा म्हणाली. "सगळ्या झाकणांनंतर."

"ऐकलंस?" क्लावा म्हणाली, पण या वेळी हळूच.

शनिवारला आता थोडेच दिवस उरले होते. ओळीबाहेरचं काढून झालं तरी ओळीतलं प्रत्येक झाकण बाहेर आल्याशिवाय जमीन मोकळी झाल्याचा दाखला मिळणार नव्हता. फरक एवढाच पडला की मिरोस्लावाचे दोघे सहकारी बाईंच्या मळ्यात आले, आणि पुढचं झाकण कुठे आणि किती खोल आहे हे आता तिघांना आधीच ठाऊक असे. काम भराभर होऊ लागलं. पण ओळ संपवून मागे वळलं की मिरोस्लावा खड्डे बुजवत येई, आणि ते बघून रायसाबाईंचा जीव तुटे. सरळ ओळीत, नेमक्या खोलीचे, भुसभुशीत मातीचे खड्डे. ते रिकामेच बुजत होते.

"पोरी, मला एक सांग," त्या फितीपाशी येऊन म्हणाल्या. "खड्डा बुजवायचा असा नियम आहे?"

"उघडा ठेवायचा नाही असा आहे."

"बुजवताना त्यात काय असलेलं चालत नाही?"

मिरोस्लावाने काच वर केली. "धातू नको. स्फोटक नको."

रायसाबाईंनी एप्रनच्या खिशातून एक बटाटा काढून फितीवरून पुढे धरला. "यात यातलं काहीच नाही."

"पोटॅशियम आहे," मागून अनातोली म्हणाला. "बटाट्यात पोटॅशियम असतं. आणि पोटॅशियम हा धातू आहे."

रायसाबाई सावकाश वळल्या. "तोल्या, हे तुला त्या तीन वर्षांत एकदा तरी का सुचलं नाही?"

पण शंका निघाली होती, आणि मिरोस्लावा शंका सोडणाऱ्यांतली नव्हती. तिने बटाटा फळीवर ठेवला आणि त्याच्यावर यंत्र धरलं. गाव बघत राहिलं. क्लावाने छातीवर क्रूसाची खूण केली. यंत्र गप्प होतं. मिरोस्लावाने बटाटा उलटा केला, पुन्हा धरलं. गप्प.

"मळ्याच्या मालकाला आत येता येत नाही," ती म्हणाली.

"मी येतच नाही."

मिरोस्लावाने बटाटा उचलून रिकाम्या खड्ड्यात ठेवला. मग म्हणाली, "टोपली फळीवर सरकवा."

शनिवारी दुपारी लारिसा बसमधून उतरली तेव्हा तिला घरात कोणी सापडलं नाही. ती घराला वळसा घालून मागे आली. हातात मोठी रिकामी सुटकेस होती. फितीलगत सगळं गाव उभं होतं आणि मळ्यात चिलखतं घातलेली तीन माणसं पोटावर झोपली होती. एक जण थापीने माती ओढून झाकण बाहेर काढे, मागचा त्याच खड्ड्यात बटाटा ठेवी, तिसरी यंत्र धरून खात्री करी आणि माती लोटी. तिघांच्याही हेल्मेटच्या काचा खाली ओढलेल्या होत्या. गावाकडून सूचनांचा पाऊस पडत होता.

"अरे, कोंब मोडशील! बाळासारखा धर!"

"जवळ जवळ घालू नकोस रे, झाकणाच्याच जागी!"

"दाबू नको, माती नुसती पांघर!"

"आई," लारिसा म्हणाली. "हे काय चाललंय?"

"बटाटे लागतायत," रायसाबाई म्हणाल्या. त्यांनी मुलीला मिठी मारली नाही. त्यांचे हात मातीचे होते आणि तिचा कोट फिका होता. "अर्ध्याच्या वर झालेत. उरलेले सोमवारपर्यंत."

"हे तू लावत नाहीयेस. लष्कर लावतंय."

"पोरी, लागले तर, असं ठरलं होतं," क्लावा मध्ये पडली. "कोणी लावायचे ते ठरलं नव्हतं. मी साक्षीला होते."

"क्लावाकाकू, तुम्ही थांबा." लारिसाने सुटकेस खाली ठेवली. "तोल्याकाकांनी फोनवर सांगितलं मला. पायवाटेजवळ काय निघालं ते. तू मला सांगितलंस का? रोज जायचीस तू तिथून. रोज, आई! आणि अजून बटाटे?"

बिया सोलणारे हात थांबले. अनातोलीने टोपी काढून जमिनीकडे बघितलं.

"सांगितलं नाही, हे चुकलं," रायसाबाई म्हणाल्या. "पण लारिसा, तो आता तिथे नाही. इथली ही एकेक वीत तीन माणसांनी हाताने चाळून बघितली आहे. तुझ्या त्या पोझ्नानच्या इमारतीखाली काय आहे, कोणी बघितलंय? मला सांग, जगात इतकी तपासलेली जमीन मला दुसरी कुठे मिळेल?"

"आई, हे काही उत्तर नाही."

"नाहीये," रायसाबाईंनी कबूल केलं. "पण मला इथेच राहायचंय. त्याला उत्तर काय देऊ?"

 लारिसा फितीला हात लावून उभी राहिली. समोर मिरोस्लावाचा सहकारी, घामाने डबडबलेला, एका खड्ड्यात बटाटा ठेवत होता. तो मोठा होता, न चिरलेला, आणि कोंब खाली गेले होते. लारिसाने मान वळवली. मग परत बघितलं. माती लोटली जाणार एवढ्यात तिला राहवेना.

"अहो दादा! उलटा पडलाय तो! डोळे वर!"

माणसाने काच वर केली, बटाटा फिरवला. "असा?"

"हां. आणि इतका मोठा अख्खा कशाला घालताय? याचे दोन होतील. आई, एवढे मोठे न चिरताच टोपलीत कोणी भरले?"

"माझ्याकडे दोनच हात आहेत," रायसाबाई म्हणाल्या.

लारिसाने कोटाच्या बाह्या वर केल्या. बसायला काही नव्हतं म्हणून तिने सुटकेस आडवी टाकली आणि तिच्या एका टोकावर बसून दुसऱ्या टोकावर बटाटे ओतले. क्लावाने न सांगता सुरी पुढे केली.

"सप्टेंबरात काढायला मी येणार," लारिसा चिरता चिरता म्हणाली, वर न बघता. "आणि तेव्हा आपण पुन्हा बोलणार आहोत. हे संपलेलं नाही, आई."

"ये," रायसाबाई म्हणाल्या. "प्रत्येक तुकड्याला दोन डोळे ठेव."